लिनक्सवर मदरबोर्डचे सेन्सर: आकडे मिळवणे आणि ते ओळखणे

लिनक्सवर पहिल्यांदाच ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवणाऱ्याच्या पडद्यावर बहुधा असे काहीतरी उमटते: एका ओळीत प्रोसेसरचे तापमान ३८ अंश सेल्सिअस, दुसऱ्या ओळीत कुठल्याशा ‘ऑक्सटिन’चे तापमान १२७ अंश, तिसरीकडे ‘इन१’ नावाचे व्होल्टेज १.०१, चार पंख्यांपैकी दोन शून्य फेऱ्यांवर, आणि अनेक ओळींच्या शेवटी ‘अलार्म’ हा शब्द. मशीन मात्र निवांत चालू असते. नवख्या माणसाला अशा वेळी वाटते की एक तर मदरबोर्ड जळण्याच्या बेतात आहे किंवा हे सॉफ्टवेअरच बिघडलेले आहे, आणि बहुतेक वेळा यांपैकी काहीच झालेले नसते. चिपने जे मोजले ते तिने प्रामाणिकपणे सांगितलेले असते. ती कशाला जोडलेली आहे हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम आपले आहे, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच कामाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून उबुंटू किंवा डेबियन चालणारा, नुव्होटॉन कंपनीची ‘एनसीटी६७७९’ ही चिप असलेला साधा डेस्कटॉप मी समोर ठेवला आहे. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघा आणि रिकाम्या जागा सांभाळून टाइप करावीत.

आकडे येतात कुठून

मदरबोर्डवर ‘सुपर आय-ओ’ नावाची एक चिप असते. जुन्या काळी कीबोर्ड, सीरियल पोर्ट आणि फ्लॉपी सांभाळण्यासाठी ती बसवली जात असे. पुढे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांची गती मोजण्याचे कामही तिच्याकडेच आले. या चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. आयटीई, नुव्होटॉन आणि फिनटेक ही नावे वारंवार दिसतात. नुव्होटॉन ही २००८ साली विनबाँडमधून वेगळी झालेली कंपनी असल्यामुळे त्याआधीच्या बोर्डांवर विनबाँडचे नाव आढळते. ‘सेन्सर्स’ ही कमांड ज्या प्रकल्पातून येते त्याच्या ‘एलएम-सेन्सर्स’ या नावातली ‘एलएम’ ही अक्षरे पाहिली की नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७५ आणि एलएम७८ या जुन्या चिप आठवतात, आणि त्यांचे ड्रायव्हर आजही कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहेत.

दुसरा स्रोत म्हणजे खुद्द प्रोसेसर. इंटेलच्या प्रोसेसरमधले तापमान ‘कोअरटेम्प’ हा ड्रायव्हर वाचतो, तर एएमडीच्या प्रोसेसरमधले ‘के१०टेम्प’. याखेरीज एनव्हीएमई एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि कधीकधी वाय-फाय कार्डही आपापले तापमान सांगतात. हे सगळे आकडे कर्नल ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’ या फोल्डरखाली साध्या मजकुराच्या फाइलींत मांडून ठेवतो. तिथल्या ‘टेम्प१_इनपुट’ या फाइलीत ३८००० असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ ३८ अंश. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात आणि व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये दिलेले असते. ‘सेन्सर्स’ ही कमांड याच फाइली वाचून त्यांना माणसाला समजेल असे रूप देते, एवढेच तिचे काम आहे.

पॅकेज बसवणे

उबुंटू, डेबियन, मिंट, तसेच सीडॅकच्या डेबियनवर आधारलेल्या बॉस लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एलएम-सेन्सर्स’ ही कमांड पुरते. फेडोरा आणि आर्च यांच्याकडे पॅकेजच्या नावात मधल्या आडव्या रेघेऐवजी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, असते. ओपनसुसेवर पॅकेजचे नाव नुसतेच ‘सेन्सर्स’ आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, की व्हर्च्युअल मशीनमध्ये हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, कारण तिथे पाहुण्या लिनक्सला खरा मदरबोर्ड दिसतच नाही.

चिप शोधणे

आता ‘सुडो सेन्सर्स-डिटेक्ट’ ही कमांड द्यावी. हा कार्यक्रम एकेक प्रश्न विचारत जातो आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी कंसात ‘यस’ आणि ‘नो’ ही दोन उत्तरे दाखवतो. त्यांपैकी जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते नुसते एंटर दाबल्यावर गृहीत धरले जाते. पहिला प्रश्न प्रोसेसरमधल्या सेन्सरचा असतो आणि तो तपास पूर्णपणे निर्धोक असतो. त्यानंतर सुपर आय-ओ चिप, सर्व्हरवर आढळणारी आयपीएमआय यंत्रणा, ‘आयसा’ या जुन्या जोडणीचे पोर्ट आणि शेवटी एसएमबस, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या चिपांना जोडणारी वाहिनी, असा क्रम लागतो. आयसा स्लॉट बाजारातून जाऊन कितीतरी वर्षे झाली, पण त्यांचे पोर्ट आतून अजूनही आहेत, आणि हा कार्यक्रम स्वतःच तसे थोड्या मिश्कीलपणे सांगतो.

नवख्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबून सुचवलेले उत्तरच स्वीकारावे. ही सूचना केवळ सावधगिरीची नाही. एसएमबसवर काय बसले आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक पत्त्यावर काहीतरी पाठवून पाहावे लागते, आणि पलीकडची चिप ते कसे घेईल याची खात्री नसते. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांवर अशाच तपासामुळे एका मेमरी चिपमधला मजकूर खराब होऊन लॅपटॉप निकामी झाले होते, आणि त्या प्रकरणानंतर या कार्यक्रमात बरीच खबरदारी घालण्यात आली. आजच्या डेस्कटॉपवर धोका अगदी कमी आहे, तरीही ज्या मशीनवर महत्त्वाचे काम अर्धवट उघडे आहे तिथे हा तपास करू नये. आधी सगळे सेव्ह करावे.

शेवटचा प्रश्न मात्र डोळे उघडे ठेवून वाचावा. डेबियन आणि उबुंटूवर, सापडलेल्या ड्रायव्हरची नावे ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’ या फाइलीत लिहू का, असे तो विचारतो, आणि तिथे मोठ्या अक्षरांत ‘नो’ असते. आतापर्यंत एंटर दाबण्याची लागलेली सवय इथे नडते: सगळा तपास होतो, चिप सापडते आणि नोंद मात्र होत नाही. या एका ठिकाणी पूर्ण ‘यस’ टाइप करावे. फेडोरावर हीच नोंद वेगळ्या फाइलीत होते आणि तिथे सुचवलेले उत्तर ‘यस’ असते.

ड्रायव्हर खरोखर चढला का

मशीन पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. ‘सुडो मॉडप्रोब एनसीटी६७७५’ या कमांडने ड्रायव्हर लगेच चढवता येतो. चिपचा आकडा ६७७९ आणि ड्रायव्हरचा ६७७५ पाहून गोंधळू नये. एकच ड्रायव्हर त्या कुळातल्या अनेक चिप सांभाळतो. त्याचप्रमाणे आयटीईच्या बहुतेक चिपांसाठी ‘आयटी८७’ हा ड्रायव्हर असतो. कमांड काही न बोलता परतली तर काम झाले असे समजावे. खात्रीसाठी ‘सुडो डीमेसेज’ चालवून शेवटच्या ओळी पाहाव्यात, तिथे कोणती चिप कोणत्या पत्त्यावर सापडली ते लिहिलेले असते.

यानंतर ‘सेन्सर्स’ ही कमांड, सुडोशिवाय, चालवावी. आकडे बदलताना पाहायचे असतील तर ‘वॉच -एन २ सेन्सर्स’ ही कमांड दर दोन सेकंदांनी पडदा ताजा करते, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांसाठी ती एका खिडकीत उघडी ठेवणे सोयीचे पडते.

प्रत्येक गटाच्या वर ‘एनसीटी६७७९-आयसा-०२९०’ असे तीन तुकड्यांचे नाव असते: चिप, ती ज्या मार्गाने जोडली आहे तो मार्ग, आणि तिथला पत्ता. हे नाव कागदावर उतरवून ठेवावे, पुढे फाइल लिहिताना ते लागते.

कोणता आकडा कशाचा

चिपला फक्त आपल्या पायांचे, म्हणजे पिनांचे, क्रमांक ठाऊक असतात. तापमानाच्या तिसऱ्या पिनेला बोर्ड बनवणाऱ्याने थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा घटक, जोडला आहे की ती पिन मोकळीच सोडली आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. मोकळी पिन हवेतल्या तारेसारखी असते. तिच्यावर १२७ अंश, उणे काही अंश किंवा तासागणिक भटकणारा आकडा येऊ शकतो. म्हणून चिपच्या माहितीपत्रकातून आलेल्या ‘सिस्टिन’, ‘सीपीयूटिन’, ‘ऑक्सटिन’ या नावांवर विसंबू नये. ‘सीपीयूटिन’ म्हणजे प्रोसेसरचे तापमान असे वाचताक्षणी वाटते, पण कित्येक बोर्डांवर त्या पिनेचा प्रोसेसरशी काहीच संबंध नसतो.

खरे-खोटे ठरवण्यासाठी दोन सोपे प्रयोग आहेत.

पहिला प्रयोग सकाळचा. रात्रभर बंद असलेले मशीन सुरू करून, टर्मिनल उघडून लगेच आकडे पाहावेत आणि शेजारी साधा खोलीचा थर्मामीटर ठेवावा. मदरबोर्डचा खरा सेन्सर या वेळी खोलीच्या तापमानाच्या थोडाच वर असतो. हवेने थंड होणाऱ्या मशीनमधली कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही, त्यामुळे खोलीत ३४ अंश असताना एखादी ओळ २७.८ दाखवत असेल तर ती ओळ खोटी आहे. हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे: ‘एसीपीआयटीझेड’ या नावाखाली काही बोर्ड वर्षानुवर्षे २७.८ आणि २९.८ एवढेच सांगत राहतात, बाहेर डिसेंबर असो की मे. या नियमाला एक अपवाद आहे. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही; कमाल मर्यादेपासून आपण किती अंश दूर आहोत एवढेच तो सांगतो आणि ड्रायव्हर ती वजाबाकी करून आकडा दाखवतो. मर्यादेजवळ हा आकडा भरवशाचा असतो, पण प्रोसेसर थंड असताना त्यात काही अंशांची चूक असू शकते. म्हणून सकाळच्या प्रयोगात प्रोसेसरचा आकडा थोडा विचित्र आला तरी त्याला लगेच खोटे ठरवू नये.

दुसरा प्रयोग ताणाचा. ‘स्ट्रेस-एनजी’ हे पॅकेज बसवून ‘स्ट्रेस-एनजी --सीपीयू ०’ अशी कमांड दिली की प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. येथे शून्याचा अर्थ ‘सगळे’ असा आहे. शेजारच्या खिडकीत ‘वॉच’ चालू ठेवून दहा मिनिटे पाहत राहावे. जी ओळ एक-दोन सेकंदांत उडी घेते आणि ताण थांबवताच तितक्याच झटकन खाली येते, ती प्रोसेसरची. जी सावकाश, मिनिटामिनिटाने चढते आणि ताण थांबल्यावरही बराच वेळ खाली येत नाही, ती बोर्डाची किंवा प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची. जी जागची हलत नाही, तिच्यावर काट मारावी. या दहा मिनिटांत जेवढे समजते तेवढे चिपचे माहितीपत्रक वाचूनही समजत नाही, असा माझा अनुभव आहे.

एएमडीच्या प्रोसेसरवर ‘टीसीटीएल’ नावाची ओळ दिसते. हे पंख्यांच्या नियंत्रणासाठी ठरवलेले मूल्य आहे आणि ते प्रत्यक्ष तापमानाशी जुळेलच असे नाही. रायझनच्या पहिल्या पिढीतल्या १८००एक्स या प्रोसेसरमध्ये ते खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त ठेवलेले होते. जिथे ‘टीडाय’ किंवा ‘टीसीसीडी१’ अशी ओळ मिळते, तिथे प्रत्यक्ष तापमानासाठी ती पाहावी.

किती अंश म्हणजे जास्त, हा प्रश्न सगळेच विचारतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा सहसा १०० अंशांच्या आसपास असते आणि ‘कोअरटेम्प’ ती ‘क्रिट’ म्हणून ओळीतच दाखवतो. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांसाठी एएमडीने ९५ अंश सांगितलेली आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपली गती स्वतःच कमी करतो, त्यामुळे जळण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र खोलीचे तापमान वजा केल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलर नसलेली खोली दुपारी सहज चाळिशी गाठते. तिथे रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचे ५५ अंश आणि महाबळेश्वरच्या हिवाळ्यातले ३५ अंश यांत बिघाडाच्या दृष्टीने काहीच फरक नसू शकतो.

व्होल्टेजचे कोडे

‘इन१’ समोर १.०१ व्होल्ट दिसले म्हणून एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, दोष देऊ नये. नुव्होटॉनच्या या चिपची पिन साधारण २ व्होल्टपर्यंतच मोजू शकते. १२ व्होल्टची वाहिनी तिला थेट जोडता येत नाही, म्हणून मध्ये दोन रोधक, म्हणजे रेझिस्टर, घालून दाब विभागला जातो. समजा ११० किलोओहम आणि १० किलोओहम असे रोधक असतील, तर पिनेवर मूळ दाबाचा बारावा भाग पोहोचतो, आणि चिपने वाचलेले १.००८ हे प्रत्यक्षात १.००८ गुणिले १२, म्हणजे १२.०९६ व्होल्ट असतात. ५ व्होल्टच्या वाहिनीसाठी हा गुणक अनेकदा ५ असतो. मात्र कोणत्या पिनेवर कोणती वाहिनी आणि कोणता गुणक, हे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेले असते आणि तो ते सहसा जाहीर करत नाही.

ते शोधण्यासाठी मशीन पुन्हा सुरू करून बायोसमधले ‘हार्डवेअर मॉनिटर’ हे पान उघडावे आणि तिथले १२, ५ व ३.३ व्होल्टचे आकडे लिहून घ्यावेत. मोबाइलने फोटो काढला तरी चालेल. मग लिनक्समधल्या प्रत्येक कच्च्या आकड्याला कोणत्या सोप्या संख्येने गुणले असता बायोसचा आकडा येतो ते पाहावे. मल्टिमीटर हाताशी असेल आणि तो वापरण्याची सवय असेल, तर एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर पिवळ्या व काळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट आणि लाल व काळ्या वायरमध्ये ५ व्होल्ट तपासता येतात. हात सवयीचा नसेल तर हा मोह टाळावा, कारण टोक घसरून दोन पिना एकत्र आल्या तर नुकसान होऊ शकते.

एटीएक्स मानकाप्रमाणे या तिन्ही वाहिन्यांना ५ टक्के कमीजास्त चालते. म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये असावी. येथे एक बारीक गोष्ट आहे, जी न कळल्यामुळे अनेकांनी चांगले एसएमपीएस बदलले असतील. चिप ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते. गुणक १२ असेल तर पडद्यावरची प्रत्येक पायरी ९६ मिलिव्होल्टची होते, त्यामुळे आकडा १२.००० वरून एकदम १२.०९६ वर किंवा ११.९०४ वर उडी मारतो. ही उडी मोजपट्टीची आहे, विजेची नाही.

‘व्हीबॅट’ ही ओळ मात्र आवर्जून पाहावी. मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलचे हे व्होल्टेज असते. नव्या सेलचे ते ३ व्होल्टच्या किंचित वर असते. दर वेळी मशीनचे घड्याळ मागे पडत असेल आणि ही ओळ बरीच खाली आलेली दिसत असेल, तर काही रुपयांचा सेल बदलून प्रश्न सुटतो.

शोधलेले लिहून ठेवणे

पॅकेजसोबत येणारी ‘/ईटीसी/सेन्सर्स३.कॉन्फ’ ही फाइल बदलू नये, कारण पॅकेज अद्ययावत होताना तिच्यातल्या बदलांवरून घोळ होतो. आपल्या नोंदींसाठी ‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’ या फोल्डरमध्ये स्वतःची वेगळी फाइल तयार करावी. तिची पहिली ओळ ‘चिप’ या शब्दाने सुरू होते आणि पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत चिपचे नाव येते. पत्ता बदलला तरी चालावे म्हणून ‘एनसीटी६७७९-’ एवढे लिहून पुढे तारकाचिन्ह द्यावे. त्याखालच्या नोंदी चार प्रकारच्या असतात.

‘लेबल’ या शब्दाने नाव देता येते: ‘लेबल टेम्प१’ लिहून पुढे अवतरणात ‘मदरबोर्ड’ असे लिहिले की पडद्यावर तेच नाव दिसते. ‘इग्नोर’ या शब्दाने खोटी ठरलेली ओळ लपवता येते. ‘कॉम्प्यूट’ या शब्दाने गुणक लावता येतो: ‘कॉम्प्यूट इन१’ नंतर ॲट-चिन्ह, गुणाकाराची तारका आणि १२, मग स्वल्पविराम, आणि पुढे ॲट-चिन्ह, भागाकाराची तिरपी रेघ आणि १२. ॲट-चिन्ह म्हणजे चिपने वाचलेला कच्चा आकडा. उलटे सूत्र का द्यावे लागते, असा प्रश्न पडतो. आपण ठरवलेल्या मर्यादा चिपमध्ये लिहिताना त्या परत कच्च्या रूपात न्याव्या लागतात, त्यासाठी ते असते. चौथा शब्द ‘सेट’, जो या मर्यादा ठरवतो, उदाहरणार्थ १२ व्होल्टच्या वाहिनीची किमान ११.४ आणि कमाल १२.६.

नावे, गुणक आणि लपवलेल्या ओळी लगेच लागू होतात. ‘सेट’च्या नोंदी मात्र ‘सुडो सेन्सर्स -एस’ चालवल्यावरच चिपमध्ये जातात; डेबियन आणि उबुंटूवर मशीन सुरू होताना हे काम ‘एलएम-सेन्सर्स’ ही सेवा आपोआप करते. आता पहिल्या दिवशी भीती घालणाऱ्या ‘अलार्म’चा उलगडा होतो. बोर्ड बनवणाऱ्याने मर्यादा भरलेल्याच नसतात, किमान शून्य आणि कमालही शून्य, त्यामुळे कोणतेही व्होल्टेज मर्यादेबाहेरच ठरते. योग्य मर्यादा लिहिल्या की हे अलार्म निघून जातात. ‘इंट्रूजन’ असे लिहिलेला अलार्म वेगळा आहे: कॅबिनेटचे झाकण उघडले गेले, अशी ती नोंद असते, आणि ज्या बोर्डावर झाकणाचा स्विच जोडलेलाच नाही तिथे ती कायमची अडकून बसू शकते. तिच्याकडे दुर्लक्ष करावे किंवा ती ‘इग्नोर’ करावी.

पंख्यांच्या ओळी ओळखण्याची पद्धत सोपी आहे. मशीन बंद करून, वीज काढून, कॅबिनेटच्या एका पंख्याचे कनेक्टर सोडवावे आणि पुन्हा सुरू केल्यावर कोणती ओळ शून्यावर गेली ते पाहावे. प्रोसेसरच्या पंख्याला या प्रयोगात हात लावू नये.

चिप सापडते, ड्रायव्हर चढत नाही

‘मॉडप्रोब’ने चूक दाखवली तर शेवटचे शब्द नीट वाचावेत. ‘नो सच डिव्हाइस’ असेल तर हा ड्रायव्हर त्या चिपला ओळखत नाही. नवा कर्नल घेऊन पाहणे हा पहिला उपाय, कारण दर आवृत्तीत नव्या चिपांची भर पडत असते. इंटरनेटवर अशा वेळी ‘फोर्स-आयडी’ देऊन ड्रायव्हरला बळेच चढवण्याचा सल्ला मिळतो. चिप त्याच कुळातली आहे याची खात्री असल्याशिवाय तो पाळू नये.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असेल तर चिप ओळखली गेली आहे, पण तिच्या पोर्टवर बायोसने, म्हणजे त्याच्या एसीपीआय भागाने, आपला हक्क सांगितला आहे. दोघांनी एकाच वेळी चिपशी बोलण्याचा प्रयत्न केला तर चुकीचे वाचन होऊ शकते, म्हणून कर्नल ड्रायव्हरला अडवतो. कर्नलला ‘एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ हा पर्याय ग्रबमधून, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमातून, दिला की ही अडवणूक उठते आणि बहुतेकांचे काम चालते; पण हा पर्याय सगळ्याच उपकरणांसाठीची राखण ढिली करतो, त्यामुळे तो शेवटचा उपाय मानावा. त्याआधी नवा कर्नल वापरून पाहावा. कर्नल ५.१६ पासून ‘एनसीटी६७७५’ हा ड्रायव्हर असुसच्या अनेक बोर्डांवर बायोसच्याच डब्ल्यूएमआय मार्गाने चिपशी बोलतो, आणि गिगाबाइटच्या काही बोर्डांसाठी ५.१३ पासून ‘गिगाबाइट-डब्ल्यूएमआय’ हा वेगळा ड्रायव्हर आलेला आहे. या दोन्ही मार्गांत हक्काचे भांडणच उद्भवत नाही.

डिस्क, आणि पंख्यांचे नियंत्रण

एनव्हीएमई एसएसडीचे तापमान कर्नल ५.५ पासून आपोआप दिसते. साटा डिस्कसाठी ५.६ पासून ‘ड्राइव्हटेम्प’ हे मॉड्यूल मिळते. ते आपोआप चढत नाही, म्हणून त्याचे नावही ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’मध्ये लिहावे. एनव्हिडियाच्या कार्डावर कंपनीचा ड्रायव्हर असेल तर त्याचे तापमान येथे दिसत नाही, त्यासाठी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवावे.

‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ आणि ‘फॅनकंट्रोल’ ही जोडी पंख्यांची गती लिनक्समधून ठरवू देते. ती वापरता येते म्हणून वापरावीच असे मी सांगणार नाही. पहिला कार्यक्रम कोणता पंखा कोणत्या वाहिनीवर आहे हे शोधण्यासाठी पंखे एकेक करून थांबवतो, त्यामुळे तो मशीन रिकामे असतानाच चालवावा. दुसरा चालू असताना अचानक मारला गेला, तर पंखे शेवटच्या गतीवर तसेच राहू शकतात. शिवाय ‘एचडब्ल्यूमॉन२’ हा क्रमांक पुढच्या वेळी ‘एचडब्ल्यूमॉन३’ होऊ शकतो, आणि मग ‘फॅनकंट्रोल’ जुन्या नोंदी जुळत नाहीत म्हणून सुरूच होत नाही. बायोसमध्ये पंख्यांसाठी तापमान आणि गतीचा आलेख ठरवण्याची सोय असेल, तर तीच वापरणे अधिक सुरक्षित, कारण ती लिनक्स चालू आहे की बंद यावर अवलंबून नसते.

सगळे जुळले की ताणाचा प्रयोग आणखी एकदा करावा आणि दहाव्या मिनिटाचे ‘सेन्सर्स’चे पूर्ण उत्तर एका फाइलीत साठवावे. फाइलीच्या पहिल्या ओळीत तारीख आणि खोलीचे तापमान हाताने लिहावे. माझ्या मशीनची अशी पहिली नोंद खोलीत ३० अंश आणि प्रोसेसर ६८ अंश अशी होती. दोन वर्षांनी, खोलीत २९ अंश असताना, तोच ताण दिल्यावर प्रोसेसर ८८ वर गेला. पंख्याच्या फेऱ्या जुन्या नोंदीइतक्याच होत्या आणि बोर्डाचे तापमानही तेवढेच, त्यामुळे धूळ किंवा हवेचा अडथळा हे कारण नव्हते. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नव्हती. कॅबिनेट उघडून पाहिले तेव्हा हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक बोर्डातून निसटून वर आलेली होती.